कच्च्या ओतिवाची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दफ्तरे, ताम्रपट आणि शिलालेख उभे राहतात. ओतशाळेतून निघालेला, पण लेथवर कधीच न चढलेला धातूचा ओबडधोबड तुकडा हेही साधन होऊ शकते, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. नॉर्टन ह्या इंग्रज कंपनीच्या ‘मँक्स’ नामक शर्यतीच्या मोटारसायकलीचे उदाहरण घेतले, तर ह्या साधनाचे मोल आणि त्यातील धोका ही दोन्ही ध्यानात येतील.

मँक्सची इंजिने बर्मिंगहॅममधील ब्रेसब्रिज स्ट्रीटवरच्या कारखान्यात तयार होत. १९६३ पर्यंत हे उत्पादन थांबले. १९६६ साली मालक असलेली असोसिएटेड मोटर सायकल्स ही कंपनी बुडाली, आणि शर्यतीच्या यंत्रांचा सुटा माल कॉलिन सीली ह्या साइडकार शर्यतपटूने विकत घेतला. त्यातील मँक्सचा वाटा पुढे १९६९ मध्ये जॉन टिकल ह्यांच्याकडे गेला. त्यानंतर इतरांनीही नवे भाग ओतले. तेव्हा एखाद्या फडताळात सापडलेली क्रँककेसची कच्ची जोडी नॉर्टनच्या हयातीतील, वारसदारांच्या काळातील की अगदी परवाची, हा प्रश्न उभा राहतो. इंजिनाचा क्रमांक घडाई झाल्यावर ठोकावयाचा असतो. कच्चे ओतीव हे निनावीच. म्हणूनच लबाडाला ते सोयीचे! त्याने ते घडवून त्यावर एखाद्या नष्ट झालेल्या यंत्राचा क्रमांक उमटविला, की बनावट ताम्रपटाप्रमाणे खोटी वंशावळ तयार होते, आणि शर्यतीच्या इतिहासात कधीच न धावलेले यंत्र शिरते.

परीक्षेचा आरंभ धातूपासून करावा. मँक्सची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असे. त्याची घनता सुमारे १.८, तर ॲल्युमिनियमची २.७, सोनाराच्या मुकुटाबाबत आर्किमिडीजने वापरलेली जुनी युक्ती येथेही चालते. हवेत व पाण्यात वजन केले की भेद तत्काळ कळतो. दुसरी कसोटी मापाची. १९५४ साली ५०० सी. सी. इंजिनाची मापे बदलून सिलिंडरचा व्यास ८६ व दट्ट्याचा पल्ला ८५.६२ मिलिमीटर झाला. त्यापूर्वी व्यास सुमारे ७९.६ व पल्ला १०० होता. १९५० चे म्हणून दाखविलेल्या ओतिवाचे तोंड रुंद सिलिंडरला जुळत असेल, तर शंकेला जागा आहे.

परंतु सर्वांत सूक्ष्म साक्ष आकुंचनाची. वितळलेला धातू थंड होताना लांबीत शेकडा सुमारे १.३ आक्रसतो, म्हणून सुतार मूळचा लाकडी नमुना तितका मोठा करतो. ज्याच्यापाशी नमुना नाही, तो जुनी क्रँककेसच वाळूत दाबून नक्कल ओततो, आणि ती नक्कल मुळाहून लहान निघते. ३०० मिलिमीटरांत सुमारे ४ मिलिमीटरांचा फरक पडतो. घडावयाच्या पृष्ठांवर जाडी चढवून तो लपविता येईल. मात्र ज्या फासळ्यांना व उंचवट्यांना हत्यार लागतच नाही, त्यांमधील अंतरे खरे सांगतात. पोथीच्या नकलेची नक्कल करताना अक्षरे गळतात, तसेच हे. मूळ नमुन्यावरच पुढे कोणी ओतले असेल, तर मात्र ही कसोटी मुकी राहते. तेथे विक्रीची पावती आणि मालकीची अखंड साखळी हाच आधार.

किंमत ठरविताना वयावर भुलू नये, असे मला वाटते. आतला गाभा साच्यात सरकला असेल, तर एका बाजूची भिंत पातळ होते आणि भोक पाडताना धातूच पुरत नाही. आतली छिद्रे तर घडाईचा खर्च झाल्यावरच उघडी पडतात. शिवाय मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो व पाण्याने उलट भडकतो, म्हणून हे काम सगळेच कारागीर पत्करीत नाहीत. दोन्ही अर्धे एकत्र बसवून घडावयाचे असल्याने एकट्या अर्ध्याची किंमत जोडीच्या निम्म्याहून बरीच कमी धरावी.

ब्रेसब्रिज स्ट्रीटचे म्हणून निःसंशय सिद्ध झालेले ओतीव घडवावे की तसेच ठेवावे? घडविले तर वाळूची खरखरीत कातडी, म्हणजे पुरावाच, जागोजाग नाहीसा होतो. न घडविले तर ज्यासाठी ते ओतले गेले ते कार्य राहून जाते. तडकलेल्या इंजिनाचा मालक दारात उभा असेल, तर मी घडविण्याच्या बाजूने कौल देईन. मात्र आधी त्याची छायाचित्रे व मापे नोंदवून ठेवावीत, आणि क्रमांकाच्या जागी त्या दिवसाची तारीख ठोकावी.