एनएफएस क्लायंट : कर्नलमधल्या एका ओळीची कुळकथा

लिनक्सचा कर्नल, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच्या हाताने बांधायचा तर आधी 'मेक मेन्यूकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी लागते. पडद्यावर एकातून एक उघडत जाणाऱ्या याद्या येतात. 'फाइल सिस्टिम्स'मध्ये शिरून 'नेटवर्क फाइल सिस्टिम्स' उघडले की वरच ओळ दिसते : एनएफएस (म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम) क्लायंट सपोर्ट. तिला उत्तरे तीनच. 'वाय' म्हणजे कर्नलमध्येच कायमचे गुंफा. 'एम' म्हणजे मॉड्यूल करून बाजूला ठेवा, लागेल तेव्हा जोडा. 'एन' म्हणजे नको. बहुतेकांच्या संगणकात हे उत्तर दुसऱ्या कोणी तरी आधीच देऊन ठेवलेले असते. पण या एका ओळीमागे 40 वर्षांचा इतिहास आहे आणि तो जाणून घेण्याजोगा आहे.

ओळीला होकार दिला की दुसऱ्या यंत्राच्या डिस्कवरचे फोल्डर आपल्या यंत्रात आपल्याच फोल्डरसारखे उघडते. फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला ती कुठे आहे याची चौकशी करावी लागत नाही. तो नेहमीसारखे कर्नलकडे मागतो, आणि कर्नलमधला क्लायंट ती मागणी तारेवरून पलीकडच्या सर्व्हरकडे पोचवतो.

याची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. फेब्रुवारी 1982 मध्ये तिथे सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला होते, अँडी बेख्टोल्सहाइम आणि स्कॉट मॅकनीली होते. बिल जॉय थोड्याच काळात येऊन मिळाले. कंपनी युनिक्सवर चालणारी वर्कस्टेशन्स विकत असे. तेव्हा डिस्क फार महाग होती, म्हणून काही वर्कस्टेशन्स डिस्कशिवायच विकली जात. त्यांच्यासाठी सनने आधी 'एनडी', म्हणजे नेटवर्क डिस्क, ही सोय केली होती. पण एनडी डिस्कचे तुकडे पुरवी. फाइल म्हणजे काय हे तिला ठाऊक नसे. त्यामुळे डिस्कचा एखादा भाग सगळ्यांनी नुसता वाचायचा किंवा एकट्याने वापरायचा, एवढेच जमे. एकाच फोल्डरमध्ये चौघांनी मिळून काम करणे त्यात बसत नव्हते.

ते जमवायचे तर कर्नलच बदलावा लागणार होता. त्या काळच्या युनिक्स कर्नलची समजूत अशी होती की फाइल म्हणजे आपल्याच डिस्कवरची, एकाच ठरावीक पद्धतीने मांडलेली वस्तू. सनमधील स्टीव्ह क्लायमन यांनी फाइल मागणारा भाग आणि फाइल आणून देणारा भाग यांच्यामध्ये एक थर घातला. वरून 'उघड', 'वाच', 'लिही' अशा ठरलेल्या मागण्या येतात. खाली त्या कोण पुरवतो हे वरच्याला बघायचे कारण उरत नाही. या थराला व्हीएफएस म्हणतात आणि त्यातल्या फाइलच्या प्रतिनिधीला व्हीनोड. स्थानिक डिस्क हा एक पुरवठादार झाला, नेटवर्क हा दुसरा. आज लिनक्समध्ये डझनावारी फाइल सिस्टिम्स शेजारी शेजारी नांदतात त्या अशाच थरामुळे. 1985च्या जूनमध्ये पोर्टलंडच्या युझनिक्स परिषदेत रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, क्लायमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन यांनी हे सगळे काम निबंधरूपाने मांडले. त्याच वर्षी सनओएस 2.0 सोबत एनएफएस बाहेर पडले.

त्या निबंधातला सर्वांत धाडसी निर्णय सर्व्हरच्या स्मरणाविषयी होता. सर्व्हरने कोणत्याही क्लायंटबद्दल काहीच लक्षात ठेवायचे नाही, असे ठरले. औषधाच्या दुकानात प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलेली चिठ्ठी दाखवावी आणि दुकानदाराने कालची आठवण न काढता औषध द्यावे, तशी ही पद्धत. प्रत्येक मागणीत कोणती फाइल, कुठल्या जागेपासून, किती बाइट हे सगळे लिहिलेले असते. त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला तरी काही सावरावे लागत नाही. उत्तर आले नाही तर क्लायंट तीच मागणी पुन्हा धाडत राहतो.

या निर्णयाचे मोल उमरोळीत राहणाऱ्याला लवकर कळते. पालघर आणि बोईसरच्या मधले हे पश्चिम रेल्वेचे छोटे स्टेशन. पावसाळ्यात वारा सुटला की वीज जाणे आमच्याकडे नेहमीचे. घरात सर्व्हर म्हणून ठेवलेले जुने यंत्र बंद पडते, बॅटरीवरचा लॅपटॉप चालू राहतो. कॉपी होत असलेली फाइल जागच्या जागी थांबते. वीज येते, यंत्र उठते, आणि कॉपी थांबली तिथून पुढे सुरू होते. सर्व्हरवरचे फोल्डर जोडताना, म्हणजे माउंट करताना, 'हार्ड' हा पर्याय असला तर हे असेच घडते, आणि तोच मूळचा पर्याय आहे. 'सॉफ्ट' दिले तर क्लायंट काही प्रयत्नांनंतर चूक झाल्याचे कळवून मोकळा होतो आणि लिहिणे अर्धवट राहण्याचा धोका येतो.

सनचा दुसरा मोठा निर्णय तंत्राचा नव्हता, मनाच्या मोठेपणाचा होता. एनएफएसचे नियम कंपनीने सर्वांसाठी प्रसिद्ध केले. 1986 पासून 'कनेक्टॅथॉन' भरू लागली. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते आपापली यंत्रे घेऊन एकत्र येत आणि ती एकमेकांशी बोलतात का, हे तपासत. मार्च 1989 मध्ये दुसऱ्या आवृत्तीचे नियम इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी 1094 म्हणून निघाले. 1998 मध्ये तर चौथ्या आवृत्तीच्या नियमांवरचा ताबाच सनने करार करून इंटरनेट सोसायटीकडे सोपवला.

नियम उघडे होते म्हणूनच पुढचे घडले. लिनक्स 1991 मध्ये जन्मला आणि 1992 मध्ये रिक स्लॅडकी यांनी त्याच्यासाठी एनएफएस क्लायंट लिहिला. लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये त्यांचे नाव आणि ते साल आजही वाचता येते. 1995-96 मध्ये ओलाफ किर्क यांनी तारेवरून मागण्या पोचवणारा आरपीसीचा भाग नव्याने लिहिला. पुढे ट्रॉन्ड मिक्लेबस्ट यांनी दीर्घकाळ हा क्लायंट सांभाळला.

आपल्याकडे नेटवर्कची पायवाट 1986च्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या प्रकल्पाने घातली. त्यातल्या पहिल्या आठ संस्थांत जुहूचे एनसीएसटी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र आणि पवईची आयआयटी होती. सामान्य माणसाला 15 ऑगस्ट 1995 पासून व्हीएसएनएलचे इंटरनेट मिळू लागले, पण टेलिफोनच्या तारेवरून अख्खा लिनक्स उतरवणे अशक्यप्राय होते. 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबत येणाऱ्या सीडीने ती अडचण सोडवली. पालघरसारख्या गावांतल्या हौशी मंडळींपर्यंत कर्नलचा सोर्स कोड, आणि त्यात ही ओळ, अशी आली.

त्या मूळ ओळीखाली आज पोटओळी आहेत आणि एकेक पोटओळ म्हणजे एकेक पिढी. दुसऱ्या आवृत्तीत 2 जीबीपेक्षा मोठी फाइल चालत नसे. आता कर्नल तिला 'नको' म्हणण्याचाच सल्ला देतो. जून 1995ची तिसरी आवृत्ती 64 बिटांची झाली. लिहिलेले प्रत्येक वेळी डिस्कवर पोचेपर्यंत थांबण्याची सक्तीही तिने काढली. 2000 मध्ये मांडलेल्या आणि 2003 मध्ये सुधारलेल्या चौथ्या आवृत्तीने फाइलला कुलूप लावण्याची सोय मूळ नियमांत आणली आणि सगळा व्यवहार 2049 या एकाच पोर्टवर नेला. फाइलच्या नावांसाठी तिने सर्व लिप्यांना सामावणारी यूटीएफ-8 ही पद्धत स्वीकारली, म्हणजे देवनागरी नावांना नियमांतच जागा मिळाली. मात्र कुलपे लक्षात ठेवायची तर सर्व्हरला स्मरण हवे. म्हणून सर्व्हर पुन्हा उठल्यावर क्लायंटना आपली कुलपे परत मागायला मुदत देतो. लिनक्समध्ये ती मुळात 90 सेकंदांची असते.

सर्व्हर कर्नलबाहेरही राहू शकतो. फ्रान्सच्या सीईए या अणुऊर्जा संस्थेने लिहून 2007 मध्ये सर्वांना खुला केलेला 'गणेशा' हा एनएफएस सर्व्हर तसाच आहे. क्लायंटची खरी जागा मात्र कर्नलच, कारण प्रत्येक प्रोग्रामची फाइलची मागणी तिथेच येते.

आता 'वाय' की 'एम' हा प्रश्न. घरच्या किंवा कचेरीच्या यंत्राला 'एम' पुरते. डिस्क नसलेले यंत्र थेट नेटवर्कवरून उठवायचे असेल, तर एनएफएस क्लायंट, 'रूट फाइल सिस्टिम ऑन एनएफएस' आणि आयपी पत्ता आपोआप मिळवण्याची सोय, तिन्हींना 'वाय' द्यावे लागते. कारण साधे आहे. मॉड्यूलची फाइल ज्या डिस्कवर आहे, तिथे पोचायलाच ते मॉड्यूल लागते. प्राथमिक तयारीची इनिटरॅमएफएस ही छोटी फाइल सिस्टिम सोबत दिली, तरच मॉड्यूलवर भागते.

एक सावधगिरी मात्र हवी. साध्या मांडणीत एनएफएस समोरच्या यंत्राने सांगितलेल्या वापरकर्ता क्रमांकावर विश्वास ठेवते. म्हणून ते घराच्या, शाळेच्या भिंतींच्या आतल्या नेटवर्कवरच ठेवावे. बाहेर न्यायचेच असेल तर चौथी आवृत्ती केर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेसह वापरावी.

पालघर-बोईसर पट्ट्यातल्या शाळा-कॉलेजांत संगणक शिकवणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे : डिस्क गेलेली यंत्रे भंगारात काढू नका. एक बऱ्यापैकी सर्व्हर, एक स्विच, आणि मुलांनी स्वतः 'वाय' देऊन बांधलेला कर्नल, एवढ्यावर ती पुन्हा चालू होतात. 1985 मध्ये हे तंत्र अशाच बिनडिस्कच्या यंत्रांच्या जमान्यात पुढे आले होते.