खानावळीचा अंदाज, हॉटेलचं बजेट

ठाण्याच्या बाळकुमहून खाडीपूल ओलांडला की कशेळी लागते. जुना आग्रा रोड इथूनच काल्हेर, अंजूरफाटा करत भिवंडीत शिरतो. गोदामं वाढली, ट्रक वाढले, तशी रस्त्याकडेची जेवणाची हॉटेलंही. अशा हॉटेलात गल्ल्यावर बहुधा मालकच असतो. उद्या किती कांदा-कणीक लागेल हे तो आचाऱ्याला विचारून ठरवतो. अंदाज चुकला तर तोटाही त्याचाच.

मोठ्या हॉटेलांत अंदाज करणारा आणि तो पाळणारा यांची हळूहळू फारकत झाली. सुरुवात तशी नव्हती. १६ डिसेंबर १९०३ला मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं, तेव्हा जमशेटजी टाटांनी युरोपात स्वतः हिंडून सामान निवडलेलं होतं. पहिल्या दिवशी पाहुणे होते १७. आज कुठल्याही मॅनेजरची एवढ्या आकड्यावर झोप उडाली असती.

१९२६मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेल संघटनेने हिशेबाची एकसमान पद्धत छापली. खोल्यांचं खातं वेगळं, खाण्यापिण्याचं वेगळं. पुढे ती जगभर गेली आणि प्रत्येक खातेप्रमुखाच्या नावावर आकडा चढला. पण तो आकडा ठरवताना त्याला विचारायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिलं.

न विचारल्याने काय होतं, ते अभ्यासक क्रिस अर्गिरिस यांनी १९५२मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांच्या अभ्यासातून मांडलं. बजेट वरून लादलं की मुकादम त्याला दट्ट्या समजतात, हिशेबनिसाला शत्रू मानतात आणि कामगारांसह एकी करून त्याला तोंड देतात. नुसती मान डोलावून घेणं म्हणजे सहभाग नव्हे, हेही त्यांनी बजावलं. हॉटेलात हा स्वभाव लवकर उघडा पडतो, कारण आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. मग मॅनेजर पावसाळ्यातल्या उत्पन्नाचा आकडा हात राखून देतो, खर्चाचा थोडा फुगवतो. मार्च जवळ आला की उरलेले पैसे संपवतो, नाहीतर पुढच्या वर्षी कात्री लागेल. याला लबाडी म्हणणं अन्यायाचं आहे. खरं बोलण्याची शिक्षा ठरलेली असेल, तर माणूस असंच वागणार.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचं बजेट याच्या अगदी उलट होतं. किती गडी जेवायला, कोण रात्रपाळीला, पगार कधी, वाण्याची उधारी किती, सगळं त्यांना तोंडपाठ. उणीव होती ती भांडवलाची, आणि सावकाराचं व्याज त्यांचं कंबरडं मोडत होतं. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि जेवणारेच पैसे देईनासे झाले. एवढा पक्का अंदाजही त्यापुढे कोलमडला. तो दोष त्या बायकांचा नव्हता, हे सगळ्या गिरणगावाला कळत होतं. २०२०च्या टाळेबंदीत ज्या मॅनेजरांच्या खोल्या ओस पडल्या, त्यांच्या वर्षअखेरीच्या तक्त्यातही ही समज दिसायला हवी होती.