परतीचे तिकीट

शुक्रवारची दुपार. मसालेभात रिचवून झालेला. बाहेर शमालचा वारा आणि धूळ, त्यामुळे वक्राच्या समुद्रावर जायचा बेत बारगळला. अशा वेळी दोह्यातल्या मराठी कुटुंबात जे होते तेच आमच्याकडे झाले. मुलीने टी.व्ही.चा ताबा घेतला आणि ‘डॉग’ नावाचा सिनेमा लावला.

हा सिनेमा फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. चॅनिंग टेटम ह्या नटाने त्यात काम तर केले आहेच, शिवाय रीड कॅरोलिनबरोबर दिग्दर्शनही केले आहे. गोष्ट अगदी साधी. ब्रिग्ज हा डोक्याला इजा झालेला माजी सैनिक. पुन्हा पलटणीत घ्या म्हणून तो वरिष्ठांच्या मागे लागलेला. वरिष्ठ एक कामगिरी देतात. त्याचा एक जुना सोबती वारला आहे. त्या सोबत्याची लष्करी कुत्री लुलू, हिला वॉशिंग्टन राज्यातून थेट ॲरिझोनात त्याच्या अंत्यविधीला न्यायचे. विमानात ती बसणार नाही, तेव्हा मोटारीने. विनोदी म्हणावे तर मधेच आवंढा येतो आणि गंभीर म्हणावे तर ती बया मोटारीच्या सीटच्या चिंध्या करून ठेवते. पण ह्या सगळ्या धमालीखाली एक कलम दडलेले आहे. अंत्यविधी उरकला की लुलूला दुसऱ्या तळावर पोचवायचे आणि तिथे तिला इंजेक्शन देऊन संपवायचे. कारण ती आता कोणाच्याच आवाक्यात राहिलेली नाही.

शेवट सांगत नाही. पण सिनेमा संपल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, काम संपलं म्हणून कुणी मारतं का?” मी म्हणालो, “अगं, सिनेमा आहे तो.” पोरीचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. इंजिनियर माणसाला एकदा शंका आली की ती तडीला नेल्याशिवाय झोप लागत नाही. पुढचे काही शुक्रवार मी ह्याच वाचनात घालवले. त्यातून जे हाती लागले ते हे.

ब्रिग्ज आणि लुलूची जोडी काल्पनिक असली तरी ते दडलेले कलम काल्पनिक नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने सुमारे ४,००० कुत्रे वापरले. अंधारात दबा धरून बसलेला शत्रू, पायाखालचे सुरुंग, झाडीतले सापळे हे सगळे त्यांनी हुंगून काढले आणि असंख्य सैनिकांचे प्राण वाचवले. परत आले जेमतेम दोनशे. बाकीच्यांपैकी काही लढाईत वा रोगाने गेले, उरलेले दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला देऊन टाकले किंवा मारले. सरकारी दप्तरात कुत्रा म्हणजे ‘सामग्री’ होता, तंबू आणि जेरीकॅनच्या रांगेत बसणारा. जास्त झालेले सामान परत न्यायला भाडे कोण भरणार? ज्या सैनिकांनी आपला कुत्रा तिथे सोडला, त्यांच्यापैकी कित्येकांना ती गोष्ट जन्मभर टोचत राहिली. निवृत्त लष्करी कुत्र्याला दत्तक देता यावे असा कायदा अमेरिकेत व्हायला नोव्हेंबर २००० उजाडावे लागले. रॉबी नावाच्या एका कुत्र्यावरून तो ‘रॉबीचा कायदा’ म्हणून ओळखला जातो.

(आमच्या धंद्यात जुन्या प्रणालीचा आधार काढून घेतात, त्याला ‘एंड ऑफ लाइफ’ म्हणतात. हे शब्द मी पत्रांतून शेकडो वेळा लिहिले असतील. आता लिहिताना हात जरा अडखळतो.)

अमेरिकेला नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्याकडे काय होते? भारतीय लष्करात कुत्र्यांचे प्रशिक्षण मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात चालते. तिथली शाळा १९६० सालची. लॅब्राडोर, अल्सेशियन आणि अलीकडे बेल्जियन मॅलिनॉय. आठ-नऊ वर्षांचे आयुष्य नोकरीत जाते. आणि मग? २०१५ साली माहितीच्या अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरातून बाहेर आले की, कामाला कायमचे निरुपयोगी ठरलेल्या कुत्र्यांना वेदनारहित मरण दिले जाई. कारणे दोन सांगितली जात. एक म्हणजे कुत्र्याला लष्करी ठाण्यांची माहिती असते, तो भलत्याच हाती पडला तर काय? दुसरे, लष्करात मिळते तशी देखभाल बाहेर कोण करणार? पहिल्या कारणावर मी बराच विचार केला. कुत्र्याकडून ठाण्याचा नकाशा काढून घेणारा शत्रू अजून जन्माला यायचा आहे. दुसऱ्या कारणात मात्र तथ्य होते, हे मान्य करायला हवे. म्हाताऱ्या कुत्र्याला सांभाळणे म्हणजे गंमत नव्हे. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी सरकारने धोरण बदलण्याची तयारी दाखवली. पुढे मेरठला निवृत्त कुत्र्यांसाठी घर झाले आणि सामान्य नागरिकांना दत्तक घेण्याची वाटही खुली झाली.

ह्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरच्या तंगधार भागात मानसी नावाची लॅब्राडोर घुसखोरांचा माग काढताना आपला हँडलर बशीर अहमद वार ह्याच्यासह मारली गेली. नंतर तिच्या नावाचा लष्कराच्या युद्धवृत्तात सन्मानाने उल्लेख झाला; असा मान मिळालेली ती पहिली कुत्री. एकाच वर्षात एकीकडे दप्तरात सामग्री आणि दुसरीकडे वृत्तात वीर! सरकारी यंत्रणेचा उजवा हात काय करतो हे डाव्याला कळायला वेळ लागतो, एवढेच म्हणतो.

मुंबईचे दप्तर मात्र थोडे वेगळे निघाले, आणि ते माझ्या अगदी जवळचे. १२ मार्च १९९३, तोही शुक्रवारच. मी डोंबिवलीत शाळेत होतो. वडील फोर्टात नोकरीला. त्या दुपारच्या साखळी स्फोटांत २५७ माणसे गेली. वडील रात्री उशिरा घरी आले. आईने तोवर कुकरही लावला नव्हता. त्यानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांना बेवारस स्कूटरची भीती काय होती हे सांगायला नको. १५ मार्चला धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या अशाच एका स्कूटरपाशी पोलिसांचा एक लॅब्राडोर अडून बसला. आत स्फोटके होती. त्या कुत्र्याचे नाव जंजीर, अमिताभच्या १९७३ च्या सिनेमावरून ठेवलेले. पुण्याला शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकून नुकताच, म्हणजे डिसेंबर १९९२ मध्ये, तो बॉम्बशोधक पथकात दाखल झाला होता. वय जेमतेम सव्वा वर्ष! पोलिसांच्या हिशेबात त्याच्या नावावर ३,३२९ किलो आर.डी.एक्स., ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे जमा आहेत. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला. पूर्ण सन्मानाने त्याला निरोप दिला गेला. फुलांनी झाकलेला जंजीर आणि त्याच्यापुढे वाकलेला वरिष्ठ अधिकारी, हे छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. माझ्या वडिलांनी वर्तमानपत्रातले ते कात्रण पाकिटात बरीच वर्षे ठेवले होते. कुत्र्याबित्र्याचे त्यांना मुळीच प्रेम नव्हते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरावर राहिले. एकत्र वाढलेले, एकत्र राबलेले. २०१६ ह्या एकाच वर्षात काही महिन्यांच्या अंतराने चौघेही गेले.

ह्या सगळ्या गोतावळ्यात आपले देशी कुत्रे कुठे, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर मुधोळला मिळाले. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान घोरपड्यांचे. शहाजीराजांना १६४८ साली पकडून देण्यात बाजी घोरपड्यांचा हात होता, त्यामुळे ह्या घराण्याविषयी आपल्या मनात थोडी अढी असते. पण विसाव्या शतकात त्याच घराण्यातल्या मालोजीराजांनी लांबसडक पायांच्या स्थानिक शिकारी कुत्र्याची जात सांभाळली आणि पंचम जॉर्ज बादशहाला पिल्ले भेट दिली. हाच ‘मुधोळ हाउंड’. महाराष्ट्राच्या खेड्यांत त्याला कारवानी म्हणतात, म्हणजे कारवानाबरोबर, तांड्याबरोबर आलेला. पश्चिम आशियातल्या सलुकीचा हा वंशज, असे मानतात. २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची काही पिल्ले मेरठला नेली.

आता गंमत पाहा. सीलाइनला दरवर्षी भरणाऱ्या मर्मी महोत्सवात बहिरी ससाण्यांबरोबर सलुकींच्याही शर्यती असतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते निमुळते तोंड, आत गेलेले पोट पाहून थबकलोच. हे तर आजोळच्या, बार्शीकडच्या धनगरवाड्यावरचे कुत्रे! आमच्याआधी कित्येक शतके कोणीतरी इथून तिकडे गेले होते, परतीच्या तिकिटाशिवाय.

कतारचा संबंध एवढ्यावर संपत नाही. २०२२ च्या विश्वचषकासाठी तुर्कस्तानने इथे ५० बॉम्बशोधक आणि ८० दंगलविरोधी कुत्रे पाठवण्याचे जाहीर केले होते. पण त्याच्या आदल्या वर्षीचा ऑगस्ट मला अधिक आठवतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. दोह्याबाहेरच्या अल उदैद तळावर विमानामागून विमान उतरू लागले, हजारो माणसे. त्या गर्दीत आपलेही काही लोक होते. ते इथून भारतात गेले. दोह्यात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता.

काबूलच्या आपल्या वकिलातीचा पहारा इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडे होता, आणि त्यांच्याबरोबर तीन कुत्री होती: माया नावाची लॅब्राडोर, रूबी नावाची मॅलिनॉय आणि बॉबी नावाचा डॉबरमन. तीन वर्षे वकिलातीत येणाऱ्या गाड्या आणि सामान हुंगून त्यांनी स्फोटके शोधण्याचे काम केले. १७ ऑगस्टला हवाई दलाच्या सी-१७ विमानातून राजदूत, कर्मचारी, जवान निघाले. विमानतळाच्या दारात माणसांना जागा मिळत नव्हती, अशा दिवशी ही तिघेही विमानात होती. जामनगर, मग हिंडन, मग दिल्लीतली छावणी. महिनाअखेरीस अमेरिकेने आपले लष्करी कुत्रे काबूलमध्येच टाकले अशी आवई उठली आणि जगभर संताप उसळला. पेंटागॉनला खुलासा करावा लागला की छायाचित्रातले पिंजरे एका प्राणीसेवी संस्थेचे आहेत, लष्कराचे नव्हेत. व्हिएतनामच्या वेळी चार हजारांबद्दल कोणी खुलासा मागितला नव्हता.

मुलीला मी हे सारे तुकड्यातुकड्यांनी सांगत होतो. तिला सर्वांत आवडली ती मात्र मेरूची गोष्ट. मेरू हा २२ आर्मी डॉग युनिटचा माग काढणारा कुत्रा. २०२४ साली, नऊ वर्षांचा असताना तो निवृत्त झाला आणि मेरठच्या त्या घरी जायला निघाला, तो आगगाडीने, वातानुकूलित पहिल्या वर्गाने, आपल्या हँडलरच्या सोबतीने. निवृत्त कुत्र्यांना असा प्रवास करू देण्याची परवानगी संरक्षण खात्याने त्याच सुमारास दिली होती. त्याची छायाचित्रे देशभर फिरली. बर्थवर पांढरी चादर आणि तिच्यावर मेरू निवांत पसरलेला.

इथे आपण सगळेच करारावरची माणसे. कंपनी दरवर्षी परतीचे तिकीट देते आणि शेवटचे एक तिकीट करार संपल्यावर. मुलीने ते छायाचित्र छापून फ्रिजवर लावले आहे. परवा वडिलांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिने ते त्यांना दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच विचारले, “खालचा बर्थ मिळाला ना त्याला?”