फ्यूज, मोटर आणि थोडा विवेक

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने फ्यूजवर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण कोणतं संकट थोडा वेळ सोसायचं आणि कोणतं क्षणभरही सोसायचं नाही, हा प्रश्न आमच्या विषयातलाच आहे. विजेच्या इतिहासात त्याचं उत्तर कसं सापडत गेलं, ते आज पाहू.

सुरुवात जेम्स जूलपासून. 1841 मध्ये त्याने दाखवलं की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, सहापट झाला की छत्तीसपट! तांबं हे बराच वेळ सोसतं. आधी जळतं ते वरचं आवरण; पूर्वी रबर आणि कागद, आता पीव्हीसी. म्हणून केबल वाचवायची म्हणजे आधी तिचं आवरण वाचवायचं.

1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं. घरात वीज आली, तशी आगीची भीतीही आली. उपाय साधा होता: मार्गात मुद्दामच एक कच्चा दुवा ठेवायचा. शिशासारख्या लवकर वितळणाऱ्या धातूची तार आधी स्वतः जाते आणि बाकीचं वाचवते. दिव्यांपुरतं हे पुरेसं होतं.

मग मोटर आली. 1889 मध्ये दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्कीने तीन फेजची पिंजरा मोटर बनवली. आजही कारखान्यांत आणि विहिरींवर मुख्यतः तिचेच वंशज चालतात. ही मोटर सुरू होताना काही सेकंद नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. आता पंचाईत पाहा. फ्यूज बारीक घातला तर तो सुरुवातीलाच उडणार. जाड घातला तर मोटर दीडपट भाराने तासभर तापत राहील आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आमच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आम्ही हे पाहिलं आहे. किटकॅटमधली तार वारंवार जायची, म्हणून कुणीतरी शहाण्याने केबलचे चार पदर पिळून तिथे बसवले. पंधरा दिवस सगळे खूश होते. मग एका रात्री एक फेज गेला. उरलेल्या दोन फेजांवर मोटर घरघरत राहिली आणि सकाळी वाइंडिंग काळं पडलेलं सापडलं. ऐन उन्हाळ्यात रिवाइंडिंग होईपर्यंत ऊस वाळला. त्या घराने ते वर्ष कसं काढलं, हे आम्ही विसरलेलो नाही.

या पेचाचं उत्तर एका घड्याळजीच्या कल्पनेतून आलं. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने सागरी घड्याळासाठी दोन धातूंची जोडपट्टी वापरली होती. दोन्ही धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, म्हणून तापल्यावर पट्टी वाकते. मोटरचा प्रवाह अशा पट्टीजवळून नेला की मोटरसोबत तीही सावकाश तापते. सुरुवातीचा झटका ती सोसते. भार टिकून राहिला तर वाकून स्टार्टर बंद करते. हाच ओव्हरलोड रिले.

पण शॉर्ट सर्किटमध्ये इतका वेळ नसतो. तिथे पट्टी वाकेपर्यंत केबल जळून जाईल. तिथे फ्यूज हवा, नाहीतर चुंबकाने तत्काळ सुटणारा स्विच हवा. 1924 मध्ये जर्मनीत ह्यूगो स्टोट्झने तापणारी पट्टी आणि चुंबक एकाच छोट्या सर्किट ब्रेकरमध्ये आणले. आज आपल्या घरातला एमसीबी त्याच घराण्यातला. मोटरच्या स्टार्टरमध्ये मात्र अजूनही दोघं वेगळे दिसतात: मोटरसाठी रिले, केबलसाठी त्याच्या आधी फ्यूज. एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही.

तेव्हा मंडळी, फ्यूज उडाला की चिडू नका. आधी तो का उडाला ते शोधा, मग तेवढ्याच जाडीची तार घाला. आणि रिले पुनःपुन्हा सुटत असेल तर त्याचा आकडा वाढवण्याआधी पंपात काय अडकलंय ते पाहा.