मतदारांनी नाकारलेला अधिकार

साउथ डकोटा हे अमेरिकेतील एक विरळ वस्तीचे राज्य. लोकशाहीच्या इतिहासात मात्र त्याच्या नावावर एक ठळक नोंद आहे. नागरिकांनी सह्या गोळा करून कायद्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे मांडावा, हा अधिकार अमेरिकेत सर्वप्रथम याच राज्याने १८९८ साली दिला. एकशे आठ वर्षांनी त्याच मार्गाने न्यायसंस्थेवर घाला आला आणि तो सामान्य मतदारांनीच परतवला. जनमत आणि न्याय यांच्या नात्याचा विचार करताना हा प्रसंग आम्हांला विशेष बोलका वाटतो.

२००६ सालची ही ‘घटनादुरुस्ती ई’. तिची मूळ कल्पना कॅलिफोर्नियातील एका चळवळीची. नाव भारदस्त होते : ‘न्यायिक उत्तरदायित्व’. पण चळवळीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘जेल’ हा शब्द तयार होतो. भाषेच्या अभ्यासकाला प्रस्तावाचा रोख येथेच उमगावा.

तरतुदी अशा होत्या : न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी तेरा नागरिकांचे विशेष ज्यूरी मंडळ, निकालाबद्दल खटला भरला जाण्यापासून न्यायाधीशाला असलेले संरक्षण काढून घेण्याचा त्या मंडळाला अधिकार, आणि असे तीन ठपके पडले की न्यायाधीशाला कायमची पदच्युती.

हे संरक्षण म्हणजे न्यायाधीशांचे लाड नव्हेत. १८६७ साली लिंकन-हत्येच्या कटातील एका आरोपीचा खटला चालला. त्यात वाद झाला म्हणून न्यायाधीश फिशर यांनी बचावाचे वकील ब्रॅडली यांची सनद आपल्या न्यायालयापुरती रद्द केली. ब्रॅडलींनी फिशर यांच्यावरच नुकसानभरपाईचा दावा लावला. १८७२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायालयात एक पक्ष हरणारच. हरलेल्या प्रत्येकाला न्यायाधीशाला आरोपी करता आले, तर निवाडा देणाऱ्याचे लक्ष पुराव्यापेक्षा अधिक उपद्रवी पक्षकाराकडे लागेल. हे संरक्षण वरकरणी न्यायाधीशाचे असले, तरी त्याचा लाभ दुबळ्या पक्षकाराला होतो.

न्यायाधीश चुकतात, काही उन्मत्तही होतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यासाठी अपील होते, न्यायाधीशांच्या वर्तनाची चौकशी करणारा आयोग होता, महाभियोग होता. इतकेच नव्हे, तर साउथ डकोटात मंडल न्यायाधीश आठ वर्षांसाठी लोकांकडूनच निवडले जात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाही ठरावीक काळाने मतदारांचा कौल घ्यावा लागे. म्हणजे न्यायासनावर कोण बसावे, यात जनतेला वाटा होताच. नव्या प्रस्तावाला त्यापुढे जाऊन एकेका निकालाचा सूड हवा होता.

राज्याच्या विधिमंडळाने एकमताने विरोधाचा ठराव केला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या सँड्रा डे ओकॉनर यांनीही जाहीर लेखातून धोक्याची सूचना दिली. ७ नोव्हेंबर २००६ रोजी सुमारे ८९ टक्के मतदारांनी प्रस्ताव धुडकावला.

राजाला न जुमानणारा न्यायाधीश आपल्याला सहज वंदनीय वाटतो. गर्दीला न जुमानणारा मात्र खुपतो. वास्तविक धैर्य दोन्हीकडे एकच. साउथ डकोटाच्या मतदारांनी हे ओळखले आणि हाती येऊ घातलेले शस्त्र स्वतःहून नाकारले. लोकसत्तेची प्रौढता अशा नकारातच अधिक दिसते, असे आम्हांला वाटते.