परकी भाषा आणि लहान वय



मुलाला परकी भाषा कोणत्या वयात शिकवावी, हा प्रश्न आपल्या बीड जिल्ह्यास नवा नाही. भाषेचे नाव तेवढे बदलत आले. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा १८८० च्या दशकापर्यंत कचेरीची भाषा फारसी होती. ती सामान्य रयतेपैकी कोणाच्याच घरची नव्हती. तरी नोकरीची आशा असलेल्या घरांतून मुलांना ती पढवीत. पुढे उर्दू आली आणि मराठी घरांतील मुलांवर वरच्या वर्गांत सगळे विषय उर्दूतून शिकण्याची पाळी आली.

याच राज्यात १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा हे विषय तेथे उर्दूतून शिकवीत. ग्रंथांच्या भाषांतरासाठी स्वतंत्र खाते आदल्याच वर्षी उघडले होते. मात्र इंग्रजी हा विषय सर्वांना सक्तीचा होता. हे आपण नीट लक्षात घ्यावे. परकी भाषा शिकणे वेगळे आणि परक्या भाषेतून शिकणे वेगळे. उर्दू घरच्या विद्यार्थ्यास ही सोय लाभली. मराठी, तेलुगू, कन्नड घरच्यास लाभली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९४८ नंतर तेथे इंग्रजी माध्यम आले.

आता आपल्याच घरात पाहा. पाच-सहा वर्षांचे मूल मकतबात कायदा घेऊन बसते. जबर, जेर, पेश गिरवीत ते ऐन आणि काफ यांचे उच्चार असे उचलते की, मोठ्या माणसाने हेवा करावा. शेजारच्या मराठी मुलांत खेळता खेळता ‘ळ’ येतो, ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’चा फरकही येतो; व्याकरण कोणी शिकविलेले नसते. लहान वयाची ही खरी देणगी कानाची आणि जिभेची आहे. अर्थ समजणे ही निराळी गोष्ट. अरबी सफाईने वाचणाऱ्या मुलाला वाचलेल्याचा अर्थ विचारला, तर ते गप्प राहते. आणि इंग्रजी कविता पाठ म्हणणाऱ्या मुलाचेही पुष्कळदा तेच होते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी हा विषय आला. त्यापूर्वी तो पाचवीपासून असे. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर मागे घेतले गेले. शिक्षक म्हणून माझे मत असे की, वय लवकरचे असावे, पण सुरुवात ऐकण्या-बोलण्याने व्हावी. दोन वर्षे लेखन नसले तरी बिघडत नाही. उर्दू डावीकडे, मराठी-इंग्रजी उजवीकडे, आणि उर्दूतले आकडे पुन्हा उजवीकडे! सहा वर्षांच्या हाताला एवढी कसरत एकदम कशाला?

माध्यमाचे म्हणाल, तर गणित-विज्ञान घरच्या भाषेत पक्के झालेले मूल इंग्रजीत मागाहूनही उभे राहते. म्हणून प्रवेश घेताना शाळेची पाटी वाचून थांबू नका. पहिलीच्या वर्गाला इंग्रजी कोण शिकवितात, ते विचारा; आणि शक्य झाल्यास दाराशी उभे राहून दहा मिनिटे त्यांचे बोलणे ऐका.