पाटीवरचं नाव

दुपारची आवराआवर झाली, की मी हलकीफुलकी कादंबरी घेऊन बसते. परवाच्या कादंबरीतली नायिका मोडलेला संसार मागं टाकून चहाचं दुकान काढते. शेवटी तिचं लग्न होतं. दुकानाचं पुढं काय, ते कुणी सांगतच नाही.

मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची केट क्रॅन्स्टन आठवली. १८७८ साली तिनं तिथं चहागृह काढलं. दारूच्या गुत्त्यांच्या त्या शहरात अशा चहागृहांमुळं बाईला एकटीनं निर्धास्त बसायला जागा मिळाली. १८९२ मध्ये केटचं लग्न झालं. पण धंद्याचं नाव ‘मिस क्रॅन्स्टन’च राहिलं. १९०३ मध्ये तिनं आणखी एक चहागृह उघडलं.

माझ्या पापडांच्या पाकिटावर मात्र अजून सासऱ्यांचंच नाव आहे. पुढच्या छपाईला माझं घालीन म्हणते. तुमच्या पाकिटावर कुणाचं आहे हो?